शेवटचा चौकोन

दुपारी दोन वाजता जेवणाची भांडी निथळत ठेवली की मिस्त्री चष्मा पुसत, घसा खाकरत आणि जिच्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे ती भाषा खणखणीत आवाजात वाचायला लागत.

“मी, पार्लास, डबल एस, शेवटी ई. तू, पार्लास, शेवटी ई-एस. तो, पार्ला, ए वर टोपी, मग टी. आम्ही, पार्लास्यों...”

समोरच्या खुर्चीत बाई बसलेल्या असत. मिस्त्रींच्या हातात बाईंनी स्वतः लिहिलेलं कार्ड, बाईंच्या मांडीवर प्रेसमधून आलेलं प्रूफ. मिस्त्रींनी कार्ड वाचायचं, बाईंनी प्रूफवर बोट सरकवत जायचं आणि सहाच्या सहा ओळी जुळल्या की “ठीक” म्हणायचं. मग कार्ड डाव्या खोक्यातून उजव्या खोक्यात जाई. वाचणाऱ्याने प्रूफ बघायचं नाही आणि बघणाऱ्याने कार्ड बघायचं नाही, हा बाईंचा कडक नियम होता. दोघांनी एकाच कागदात डोकं घातलं की एकच चूक दोघांच्याही नजरेतून निसटते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता हे काय खूळ, असं कुणी विचारेल. विचारेल कशाला, सगळ्यांनी विचारून झालं होतं. फ्रेंचमध्ये क्रियापदाचं एक रूप आहे, इंपर्फेक्ट सबजंक्टिव्ह. काल कुणाला काही व्हावं असं वाटत होतं, होईल अशी धास्ती होती किंवा झालं असेल अशी शंका होती, तर त्या वाटण्यातलं, धास्तीतलं, शंकेतलं क्रियापद या रूपात यायचं. यायचं, म्हणजे पूर्वी. आता खुद्द फ्रेंच माणसंही ते बोलत नाहीत. एखादा बोललाच तर समोरचा हसतो. जुनं पुस्तक उघडलं की मात्र ते पानापानावर भेटतं, आणि ज्याला ते येत नाही तो तिथेच अडतो.

बाईंनी कॉलेजात एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. मुलं त्यांना पाठीमागे ‘रूपावली’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं व मनातून आवडतही होतं. मग एका वर्षी अभ्यासक्रमाच्या बैठकीत, हजेरी झाली आणि चहा यायचा होता तेवढ्या वेळात, हे रूप कायमचं काढून टाकलं गेलं. बाई एवढंच म्हणाल्या, “आणि पुस्तक वाचणाऱ्याने काय करायचं?” त्यावर एक तरुण प्राध्यापक म्हणाला, “बाई, मेलेली क्रियापदं किती दिवस चालवायची?” सगळी खोली हसली. बाईही ओठ ताणून हसल्या, घरी आल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पहिलं कार्ड लिहिलं. पुढे अशी पाचशे चाळीस कार्डं झाली.

ही कार्डं म्हणजेच पुढे पुस्तक व्हायचं होतं. एका पानावर एक क्रियापद, त्याच्या सगळ्या काळांचे चौकोन आणि उजवीकडे तळाशी शेवटचा चौकोन, या रूपाचा. इतर चौकोन बाजारातल्या कुठल्याही पुस्तकात मिळतात, शेवटचा मिळत नाही. म्हणून प्रकाशकांशी, म्हणजे प्रेसच्या मालकांशी, करार करताना बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं: शेवटचा चौकोन नसेल तर पुस्तक नको. ‘नको’खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते पत्र पेटीत टाकून आले होते मिस्त्रीच.

मिस्त्री हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे. नव्यानेच नोकरीला लागलेल्या बाई कॉलेजचं फ्रेंच यंत्र घेऊन त्यांच्या दुकानात गेल्या होत्या, कारण अक्षरावरची टोपी उमटेनाशी झाली होती. मिस्त्रींनी यंत्र उलटं केलं, भिंगातून बघितलं आणि विचारलं, “ही टोपी कुणाला घालायची असते?” बाईंना हसू आवरेना. टोपीची कळ मिस्त्रींनी झाळून दिली, ती पुढे बावीस वर्षं टिकली. लग्नही टिकलं. वन्सं, म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, येता-जाता म्हणायच्या, “माझा भाऊ आहे म्हणून निभावलं, वहिनी. दुसरा असता तर या कार्डांसकट तुम्हाला माळ्यावर ठेवून मोकळा झाला असता.”

टाइपरायटर संपले तसं दुकान संपलं. सहा महिने मिस्त्री घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले, नीट चालणारी घड्याळं उघडून बसायचे. बाईंनी त्यांच्या हातात कार्ड दिलं आणि माणूस ताळ्यावर आला. उच्चार शिकवायला दोन महिने लागले. अर्थ त्यांनी कधी विचारला नाही आणि बाईंनीही सांगितला नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळला की तो वाचत नाही, अंदाज करतो, हेही बाईंचंच मत.

बाकीचे चौकोन दोन वर्षांत तपासून झाले. शेवटचा चौकोन शेवटीच घ्यायचा, असं प्रेसशी ठरलं होतं. दर पंधरा दिवसांनी त्याची प्रूफं येत, एका पानावर सहा-सात क्रियापदं. प्रूफांतून बाईंची प्रेसमधल्या जुळाऱ्याशी ओळख झाली होती. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण माणूस त्याच्या चुकांवरून कळतो. हा घाईचा होता, जेवणाच्या सुट्टीआधी जास्त चुकायचा आणि टोप्यांच्या बाबतीत अगदीच बेफिकीर. बाई समासात लाल पेन्सिलीने लिहीत, “पुन्हा तेच! डोकं ठिकाणावर आहे का?” प्रूफ परत येई तेव्हा खाली शिसपेन्सिलीने एकच शब्द असे, “दुरुस्त.”

शंभरावर कार्डं झाली आणि बाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. तातडीने ऑपरेशन झालं. डावा डोळा आधीच अधू. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, पंधरा दिवस पालथं झोपायला सांगितलं आणि मिस्त्रींना बाजूला घेऊन बजावलं की मनाला त्रास होईल असं काही कानावर जाऊ देऊ नका. मिस्त्रींनी त्या दिवसांत काय नाही केलं. भरवलं, अंग पुसलं, औषधाचे थेंब घड्याळ लावून घातले, वर्तमानपत्र वाचून दाखवलं, आलेली पत्रं वाचून दाखवली.

डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, जपून वापरा, दिवसाला दोन तास, त्याहून जास्त नाही. किती वर्षं साथ देईल सांगता येत नाही. बाईंनी जराही विचार न करता ते दोन तास शेवटच्या चौकोनाला देऊन टाकले. कादंबऱ्या कपाटात गेल्या, पत्रव्यवहार बंद झाला. मैत्रिणीच्या नातवंडांचे फोटोसुद्धा त्या बघत नसत. मैत्रीण त्यावरून रुसली ती रुसलीच.

ऑपरेशननंतर एक चांगली गोष्ट झाली होती, असं बाईंना वाटे. प्रेसमधला जुळारी सुधारला होता. एका पानावर फार तर दोन-तीन चुका, त्याही ठळक. आणि त्याला आता बोलायला सुचू लागलं होतं. सुटी सुटी अक्षरं काढून तो समासात लिही, “चुकलो, बाई. डोळ्यांची काळजी घ्या.” एकदा तर त्याने लिहिलं, “हे सगळं कोण वाचणार, असं आधी वाटायचं. आता तुमचं पान आलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.” बाईंनी ते मिस्त्रींना तीनदा वाचून दाखवलं. “बघा! एकतीस वर्षांत एक विद्यार्थी असं बोलला नाही. आणि हा कोण कुठला प्रेसमधला माणूस!” मिस्त्री म्हणाले, “चांगला माणूस दिसतोय.” समासातली ती पट्टी बाईंनी कात्रीने कापून पर्समध्ये ठेवली होती.

असे चौदा महिने गेले. डाव्या खोक्यात चाळीसएक कार्डं उरली. काम संपण्याआधी त्या माणसाला एकदा भेटायचं, असं बाईंनी ठरवलं. मिस्त्रींना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, एवढी दगदग कशाला. सकाळी साडेनऊला ते रोजच्यासारखे फिरायला गेले. पूर्वी ते अर्ध्या तासात परत यायचे, हल्ली दोन-अडीच तास लावत. गुडघ्यांना बरं आहे म्हणून बाई खूश होत्या. त्या नवी साडी नेसल्या, त्यांनी एक चांगलं शाईचं पेन घेतलं, रिक्षा केली आणि प्रेसवर गेल्या.

प्रेस म्हणजे एका गल्लीतल्या इमारतीचा तळमजला. पुढे कागदाचे गठ्ठे आणि मागे तीन संगणक. कोपऱ्यातल्या संगणकावर पन्नाशीचा एक माणूस कपाळावर चष्मा चढवून लग्नाच्या निमंत्रणाचा मजकूर जुळवत होता. बाईंनी नाव सांगताच तो चटकन उठला आणि खुर्ची पुढे केली.

“बाई, तुम्ही? बसा, बसा. मालक नाहीत. किती शिव्या खाल्ल्या हो तुमच्या!” आणि तो मनापासून हसला.

“तेच म्हटलं, एकदा समोरासमोर बघावं,” बाई म्हणाल्या. “आता संपत आलं काम. चाळीसच राहिलीत.”

“चाळीस काय?”

“कार्डं. शेवटच्या चौकोनाची.”

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “शेवटचा चौकोन? तो तर काढला ना, बाई. मी एकशे बारा क्रियापदांपर्यंत केला होता. मग मालक म्हणाले थांबव. त्याला वर्ष होऊन गेलं.”

बाईंना वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतोय. त्यांनी पर्समधून ती पट्टी काढली आणि त्याच्यासमोर धरली. “हे तुम्हीच लिहिलंत ना?”

त्याने पट्टी उजेडात नेऊन वाचली. वाचताना त्याचे कान लाल झाले. कुणा परक्याची खाजगी चिठ्ठी हातात पडावी तसे. “हे माझं अक्षर नाही, बाई. मी ‘दुरुस्त’ लिहितो. एवढं लिहायला फुरसत कुठे असते इथे?”

मग त्याने मागच्या फळीवरून एक पुस्तक आणून दिलं. निळं मुखपृष्ठ, त्यावर बाईंचं नाव ठसठशीत. बाईंनी मधलं एक पान उघडलं. चौकोनाला चौकोन नीट लागले होते. उजवीकडे तळाशी, जिथे शेवटचा चौकोन हवा तिथे, पेल्यातून डोकावणाऱ्या मांजराचं चित्र होतं. मुलांना आवडावं म्हणून असेल. दुसऱ्या पानावरही तेच मांजर. पुस्तक निघून पाच महिने झाले होते. औषधाच्या दुकानातली बाई मागे एकदा म्हणाली होती, “तुमचं पुस्तक आमच्या मुलीला फार आवडलं,” तेव्हा बाईंना वाटलं होतं की ती त्यांनी पूर्वी मुलांसाठी लिहिलेल्या वाचनमालेबद्दल बोलतेय.

“माझ्या परवानगीशिवाय?” बाईंचा आवाज चढला. वर्गातला आवाज. पलीकडच्या दोन संगणकांवरची बोटं थांबली. “मी लिहून दिलं होतं! दोन रेघा मारून!”

“परवानगी आली होती, बाई,” जुळारी हळूच म्हणाला. “मालकांनी पत्र टाकलं होतं, पानं फार होताहेत, चौकोन काढा नाहीतर पुस्तक रद्द, आठ दिवसांत कळवा. तुमच्या घरून संमती आली. तुमच्या सहीची.” त्याने फाइल काढली. संमतीचा कागद टाइप केलेला होता, आणि सगळ्या अक्षरांपेक्षा ‘म’ केसभर वर चढलेला होता. असा ‘म’ गावात एकाच यंत्राचा होता, आणि दुकान बंद करताना मिस्त्रींनी घरी आणलेलं ते यंत्र बाईंच्या पलंगाखाली होतं. खाली सही. सही बाईंचीच होती, पण घसरत घसरत पार कागदाच्या कडेला गेलेली.

आणि बाईंना ती सही करतानाचा क्षण जसाच्या तसा आठवला. पालथं झोपलेलं अंग, पलंगावरून खाली लोंबणारा हात, स्टुलावर ठेवलेली पाटी. डोळ्यांसमोर काळोख. बोटांत पेन सरकवून मिस्त्रींनी मनगट अलगद कागदावर टेकवलं होतं. “दवाखान्याचा कागद आहे. इथे कर. हां, इथून सुरू.” त्यांच्या हाताची ऊब किती बरी वाटली होती. बाई म्हणाल्याही होत्या, “तुम्ही आहात म्हणून.”

जुळाऱ्याने पाणी आणून दिलं. बाई प्यायल्या. निघताना त्यांनी त्याच्या टेबलावर पेन ठेवलं. ते ज्याच्यासाठी आणलं होतं तो माणूस जगात नव्हताच, आणि पेन घरी परत न्यायची त्यांची इच्छा नव्हती.

घरी पोचल्या तेव्हा मिस्त्री अजून यायचे होते. बाईंनी सरळ त्यांची अवजारांची ट्रंक उघडली. वर स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, तेलाच्या बाटल्या, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुस्तकाच्या दहा प्रती. त्यांच्याखाली प्रेसचे जुने लिफाफे, पत्ता वर येईल असे इस्त्री केल्यागत सपाट करून ठेवलेले. आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पावत्या, सगळ्या सकाळच्या. रोज दोन-अडीच तास हा माणूस तिथल्या संगणकावर बसून बायकोसाठी खोटी प्रूफं बनवत होता. बिनचुकीचं प्रूफ बघून बाईंना संशय येईल, म्हणून त्यात चुकाही पेरत होता.

बाईंना रडू आलं नाही, संताप आला. दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, केवढं प्रेम! बाईंना आठवला तो डॉक्टरांनी मोजून दिलेला डोळा. रोजचे दोन तास, असे चौदा महिने. त्या दोन तासांत त्यांनी किती वाचलं असतं. मैत्रिणीच्या नातवंडांची तोंडं तरी पाहिली असती. त्याऐवजी तो डोळा त्यांनी कचऱ्यावर झिजवला, आणि समोर बसून तो झिजताना बघणारा माणूस दर वेळी विचारायचा, “दमली नाहीस ना?” बाईंनी ट्रंक होती तशी लावली.

बाराच्या सुमारास मिस्त्री आले. काखेत लिफाफा. “पोस्टमन खालीच भेटला. आलीत तुझी प्रूफं.” पोस्टमन नेहमी खालीच भेटायचा. चौदा महिन्यांत तो एकदाही जिना चढला नव्हता, आणि ही गोष्ट बाईंच्या आत्ता लक्षात येत होती.

“नवी साडी?” मिस्त्रींनी विचारलं. “कुठे गेली होतीस?”

“लाल पेन्सिल संपली होती.”

दोघं जेवली. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे भांडी घासली, निथळत ठेवली. दोन वाजले. चष्मा पुसून झाला, घसा खाकरून झाला. बाईंनी प्रूफ मांडीवर घेतलं.

पहिल्याच क्रियापदात दोन ओळींची अदलाबदल होती. ‘आम्ही’च्या जागी ‘तुम्ही’, ‘तुम्ही’च्या जागी ‘आम्ही’. मिस्त्री वाचत आले, आणि त्या ओळींपाशी त्यांचा आवाज किंचित संथ झाला. बाईंनी मान वर केली. हा संथपणा त्यांच्या ओळखीचा होता. गेले चौदा महिने चुकीच्या आधी तो दरवेळी येत असे, आणि त्या समजत होत्या की आपली नजर अजून शाबूत आहे. म्हणजे चुकासुद्धा त्यांनी पकडल्या नव्हत्या, त्यांच्याकडून पकडवून घेतल्या होत्या.

“ठीक,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी कार्ड हातातच धरून ठेवलं. मग ते उजव्या खोक्यात टाकलं.

दुसऱ्या क्रियापदात चूक नव्हती. “ठीक.” तिसऱ्यात टोपी नव्हती. मिस्त्री ‘टोपी’ हा शब्द जरा जोरातच बोलले. “ठीक,” बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतर कधी त्यांनी चूक सोडली नव्हती. आता एकामागोमाग एक सोडत होत्या.

चौथं क्रियापद होतं ‘तनीर’, म्हणजे धरणं. कार्डावर सहा ओळी होत्या. प्रूफवर पाचच. ‘तो’ची ओळ साफ गायब. इतकी मोठी चूक मिस्त्रींनी याआधी कधी पेरली नव्हती; काम संपत आलं म्हणून बाईंना जरा गंमत, असा विचार असावा.

“मी, तँस. तू, तँस, शेवटी ई-एस. तो... तँ. आय वर टोपी. एन. टी. आम्ही, तँस्यों. तुम्ही, तँस्ये. ते, तँस.”

“ठीक.”

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “परत वाचू का? मधे माझा आवाज फाटला.”

“वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. ‘तो’पाशी इतका वेळ थांबले की खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकल स्टँडला लावल्याचं ऐकू आलं.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “घाला उजवीकडे.”

“नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“डोळा दुखतोय का? थेंब घालू?”

“नाही दुखत.”

बाई मिस्त्रींकडे टक लावून बघत राहिल्या. शेवटी ते न राहवून बोलले, “अगं, पाचच ओळी आहेत त्यात.”

“तुम्हाला कसं कळलं?”

प्रूफ बाईंच्या मांडीवर होतं, उलट्या बाजूने मिस्त्रींकडे. नियम नियम होता. वाचणारा प्रूफ बघत नसे.

“प्रेसवर गेली होतीस,” मिस्त्री म्हणाले.

“मांजर छान आहे,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक पानावर आहे.”

मिस्त्रींनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि ते हाताने सरळ करत बसले. “आठ दिवसांत उत्तर मागितलं होतं त्यांनी. पुस्तकच रद्द करणार होते. सगळंच गेलं असतं. तू पालथी पडलेली, डॉक्टर म्हणाले होते मनाला त्रास...”

“डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर सांगायचं होतं.”

“सांगणारच होतो. पण घरी आल्या आल्या तू कार्डं मागितलीस. म्हणालीस, एवढ्यासाठीच डोळा वाचला. मग कसं सांगणार होतो मी?”

“मग रोज सकाळी उठून खोटं टाइप करायला कसं जमत होतं?”

मिस्त्री म्हणाले, “दुपारी तू समोर बसायचीस. मला बरं वाटायचं.”

“तुम्हाला बरं वाटायचं,” बाई म्हणाल्या. “त्या बैठकीत सगळे हसले, पण तोंडावर हसले हो. तुम्ही माझा हात धरून माझ्याकडूनच सही करून घेतलीत. मी तुम्हाला ‘तुम्ही आहात म्हणून’ म्हटलं, तेही ऐकून घेतलंत. आणि ती चिठ्ठी! मी ती पर्समध्ये घेऊन फिरत होते, अहो. कुणीतरी एक जण आहे जगात, ज्याला माझं पान हवंसं वाटतं.”

“ते खोटं नव्हतं,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी लाल पेन्सिल त्यांच्यापुढे धरली, प्रूफ उलटं फिरवून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि कार्ड काढून घेतलं. “घाला राहिलेली ओळ.”

मिस्त्रींनी पेन्सिल घेतली. कार्डाकडे बघायची त्यांना गरज पडली नाही. जागा सोडली होती तिथेच त्यांनी लिहिलं, सुटी सुटी अक्षरं, समासातल्या चिठ्ठीसारखीच. ‘आय’वर टोपी ठेवली, एकदा गिरवली आणि प्रूफ परत दिलं. चौदा महिने सकाळी टाइप करून आणि दुपारी वाचून हे मेलेलं रूप त्यांना पाठ झालं होतं. गावात ते येणारी दोनच माणसं होती, आणि ती दोन्ही या खोलीत बसली होती.

बाईंनी ओळ तपासली. सवयीने दोनदा तपासली. तिच्यात चूक नव्हती. एखादी असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्यांनी कार्ड डाव्या खोक्यात परत ठेवलं, दोन्ही खोक्यांना झाकणं लावली आणि वरून दोरी बांधायला घेतली.

“अजून सदतीस राहिलीत,” मिस्त्री म्हणाले.

“राहू देत,” बाई म्हणाल्या आणि दोरीला गाठ मारली. “मला वाचून दाखवायला आता कुणी नाही.”